ॲडिपिक आम्ल : नोंद बायपास व्हॉल्व्हची मागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रासायनिक कारखान्यांच्या कार्बन उत्सर्जनाची चर्चा बहुतेक वेळा बॉयलरचा कोळसा आणि विजेचे बिल इथेच संपते. नायलॉन ६६ आणि बुटांचे पीयू (पॉलियुरेथेन) सोल यांना लागणाऱ्या ॲडिपिक आम्लाला हा हिशेब लावला तर तो साफ चुकतो. इथला मुख्य वायू, नायट्रस ऑक्साइड, अभिक्रियेतूनच निघतो.

सायक्लोहेक्झॅनॉल आणि सायक्लोहेक्झॅनोन यांच्या मिश्रणावर तांबे व व्हॅनेडियम या उत्प्रेरकांसह ५०-६० टक्के नायट्रिक आम्लाची क्रिया करतात. त्यात निघणारा तपकिरी वायू पाण्यात शोषला की पुन्हा नायट्रिक आम्ल मिळते, त्यामुळे तो कोणी वाया घालवत नाही. नायट्रस ऑक्साइड मात्र शोषक मनोऱ्यातून तसाच वर जातो. त्याला रंग नाही, चिमणी स्वच्छ दिसते. टनभर आम्लामागे तो सुमारे ३०० किलो निघतो आणि १०० वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. म्हणजे एका टनामागे जवळपास ८२ टन! थीमेन्स आणि ट्रोगलर या संशोधकांनी १९९१ मध्येच याकडे लक्ष वेधले होते.

उपाय अवघड नाही. सुमारे ५०० अंश सेल्सिअसला उत्प्रेरकावर हा वायू फुटून नायट्रोजन आणि ऑक्सिजन होतो. फुटताना उष्णता निघते, म्हणून तो आधी हवेने पातळ करावा लागतो. नाहीतर तापमान उसळून उत्प्रेरक निकामी होतो. असे झाले की विघटन युनिट ट्रिप होते, पण आम्लाचे उत्पादन थांबत नाही. वायू युनिटला वळसा घालणाऱ्या बायपासने थेट चिमणीत!

कागदावरचे ‘९८ टक्के विघटन’ इथेच फसवे ठरते. युनिट उत्पादनाच्या ९९ टक्के वेळ चालले तर टनामागे ९ किलो वायू सुटतो; ९० टक्केच चालले तर ३५ किलो, म्हणजे साडेनऊ टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइडइतका. युरोपीय संघाने २०१३ पासून या प्रकल्पांची सीडीएम क्रेडिट्स (क्योटो करारातील ‘स्वच्छ विकास यंत्रणे’खाली उत्सर्जन घटवल्याबद्दल मिळणारी, विकता येणारी प्रमाणपत्रे) घेणे बंद केले, तेव्हापासून युनिट चालू ठेवण्याची ती कमाईही आटली.

टनभर नायलॉन ६६ ला सुमारे ६५० किलो ॲडिपिक आम्ल लागते. रेडिएटरच्या टाक्यांसाठी या नायलॉनचा दाणा घेणाऱ्या आपल्याकडच्या सुट्या भागांच्या कारखानदारांनी पुरवठादाराकडे नुसते प्रमाणपत्र मागू नये. आम्ल कोणत्या प्लांटमधले, तिथे वर्षभरात बायपास व्हॉल्व्ह किती तास उघडा होता आणि त्या तासांत उत्पादन किती झाले, हे लेखी मागावे. व्हॉल्व्हची नोंद कंट्रोल रूमच्या संगणकात आपोआप होत असते.

आपला विश्वासू,
एक रसायन अभियंता, पुणे