काकूंना घेऊन येतोस तर खोली बर्डीतच घे

मनीषनगर, नागपूर

प्रिय अनिल,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. काकूंना दीक्षाभूमी दाखवायची हे तू शेवटी मनावर घेतलंस, फार बरं वाटलं. त्यांचे वडील १४ ऑक्टोबर १९५६ ला त्या गर्दीत होते, हे तू कॉलेजात असताना सांगितलं होतंस. माझ्या ते अजून लक्षात आहे. म्हणूनच हे उत्तर जरा लांबणार आहे.

आमच्याकडेच उतरा, असं ठासून म्हणायला हवं होतं. पण आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. काकूंच्या गुडघ्यांना हे जिने दिवसातून एकदाही सोसायचे नाहीत. तेव्हा खोली हॉटेलात घेऊ आणि रात्रीचं जेवण मी डब्यात घेऊन येईन. त्यात मात्र तुझं काही ऐकणार नाही.

तू निवडलेलं सगळ्यात स्वस्त हॉटेल वर्धा रोडवर, विमानतळाच्याही पुढे आहे. फोटो छान आहेत, खोलीही मोठी दिसते. पण तुम्हाला जायचं ते सगळं शहरात. रात्री तिकडे जायला ऑटो लवकर तयार होत नाही, झालाच तर परतीचंही भाडं लावतो. खोलीत वाचलेले चारशे रुपये रस्त्यातच जातात, वर काकूंची दमछाक होते ती वेगळीच.

दोन वर्षांपूर्वी माझे मोठे मामा लग्नाला आले होते. त्यांनी मोबाइलवर बघून हॉटेल घेतलं. स्टेशनपासून सहाशे मीटर, असं त्यात लिहिलं होतं. अंतर खरंच तेवढं होतं, पण रुळांच्या पलीकडे. मामा पश्चिमेच्या दारातून बाहेर पडले आणि चौकशी केल्यावर बॅग घेऊन परत पूल चढून पूर्वेला गेले. संध्याकाळी हळदीला त्यांना नीट बसताही येईना, दोन्ही गुडघे सुजले होते. मी याच गावात राहतो आणि बुकिंगच्या आधी त्यांना एक फोन केला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून या खेपेला मी स्वतः जाऊन खोल्या बघून आलो.

तर ऐक. नागपूर स्टेशनला दोन बाजू आहेत. १९२५ सालची जुनी दगडी इमारत पश्चिमेला, तिथून बाहेर पडलं की बर्डी, म्हणजे सीताबर्डी. पूर्वेचं दार संत्रा मार्केटकडे उघडतं. तिकडे सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवर स्वस्त लॉज पुष्कळ आहेत, पण ट्रकांचा आणि हॉर्नचा आवाज रात्रभर. धंतोली-रामदासपेठेतही खोल्या मिळतात, मात्र तो दवाखान्यांचा भाग, पेशंटच्या नातेवाइकांनी बऱ्याचदा भरलेला असतो. माझ्या मते सीताबर्डी आणि झाशी राणी चौक यांच्या मधल्या गल्ल्या तुमच्यासाठी सगळ्यात सोयीच्या. मेट्रोच्या दोन्ही मार्गिका बर्डीच्या स्टेशनात एकत्र येतात, शिवाय स्टेशनांत लिफ्ट आहे. दीक्षाभूमीला ऑटोने दहा-पंधरा मिनिटं पुरतात. दुपारी काकूंना खोलीवर येऊन पाठ टेकता येईल, आणि या वयात मला तीच मोठी सोय वाटते.

या गल्ल्यांत मी चार हॉटेलं पाहिली. पहिल्याच ठिकाणी पाटीवर लिफ्ट लिहिलं होतं. आत गेलो तर लिफ्टपर्यंत पोचायलाच सहा पायऱ्या, त्याही उंच, आणि धरायला कठडा नाही. फोनवर विचारलं असतं तर "हो साहेब, लिफ्ट आहे" एवढंच उत्तर मिळालं असतं. दुसऱ्या ठिकाणी बाथरूमचा उंबरठा वीतभर उंच होता. तिसऱ्यात गरम पाण्याचा नळ सोडून उभा राहिलो, सात मिनिटं झाली तरी पाणी गारच. चौथं मला आवडलं. रस्त्यावरून सरळ आत, लिफ्ट दारासमोर, कमोडजवळ भिंतीला दांडा. मागच्या बाजूच्या खोलीतून रस्ता ऐकू येत नाही. काउंटरवर भाव विचारला तर दोन खाटांच्या खोलीचे सोळाशे, जीएसटी वेगळा. मोबाइलवर तीच खोली अठराशेला दिसत होती. नाश्ता धरून दोनशे जास्त सांगत होते, तो घेऊ नकोस. सकाळी खाली उतरलं की पोह्यांचा ठेला आहे. तू तर्री घे, काकूंना नुसते पोहे आणि वर शेव.

चेक-इनची वेळ मात्र आधीच ठरवून घ्यायला हवी. विदर्भ एक्सप्रेसने आलात तर सकाळी नऊच्या आसपास उतराल आणि बहुतेक ठिकाणी खोली बाराला मिळते. तीन तास काकूंना लॉबीत बसवायचं का? या हॉटेलात चोवीस तासांचं चेक-इन आहे, म्हणजे नऊला आत, दुसऱ्या दिवशी नऊला बाहेर. दुसऱ्या दिवशी गाडी संध्याकाळची असल्याने अर्ध्या दिवसाचे पैसे जास्त द्यावे लागतील. तेवढे दे. आणि दोघांची आधार कार्डं मूळ आण, झेरॉक्सवर भागवू नकोस.

डिसेंबर म्हणतोस, पण तेव्हा हिवाळी अधिवेशन असतं. मुंबईहून अख्खं सरकार इथे येतं, चांगल्या खोल्या आधीच भरतात आणि उरलेल्यांचे भाव चढतात. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. तो दिवस बघण्यासारखाच, पण काकूंना निवांत बसायला जागा मिळायची नाही. फेब्रुवारीत या. थंडी ओसरलेली असते, ऊन तापायला वेळ असतो आणि मृग बहाराची संत्री बाजारात आलेली असतात. सकाळी लवकर गेलात तर स्तूपात शांतता मिळेल. नंतर बोधिवृक्षाच्या सावलीत त्यांना हवं तितका वेळ बसू दे, घाई करू नकोस. दुसऱ्या दिवशी जमलं तर अजब बंगला, म्हणजे इथलं संग्रहालय, बघू. तो सोमवारी बंद असतो, तेवढं धरून तारीख काढ. रामटेक ५० किलोमीटर पडतं, ते या खेपेला राहू दे.

तिकीट काढलंस की लगेच कळव. मी जाऊन मागच्या बाजूचीच खोली धरतो, शक्यतो पहिल्या मजल्यावर, म्हणजे लिफ्ट बंद पडली तरी एकच जिना. गाडीतून उतरलात की पूल चढू नका, फलाटावरच थांबा. मी व्हीलचेअर घेऊन डब्यापाशी येतो.

काकूंना माझा जयभीम सांग.

तुझा,
विलास