तक्रार तीनदा बंद, पानं अजूनही बंदच

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : ठरावीक वेबसाइट न उघडणे आणि तक्रार परस्पर बंद करणे

महोदय,

आत्ताच तुमच्या प्रतिनिधीचा फोन ठेवला. ३८ मिनिटं. त्यातली २६ 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' हे ऐकण्यात गेली.

तुम्ही रात्रीतून परस्पर राउटरचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट केलंत, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून काही साइट उघडत नाहीत. सगळ्या नव्हे, फक्त काही. बँकेचं लॉगिन आणि ज्यावर माझं रोजचं काम चालतं ते हिशेबाचं पोर्टल, ही त्यातली मुख्य. वर्तुळ फिरत राहतं, खाली कोपऱ्यात 'सुरक्षित जोडणी करत आहे' असं येतं आणि पान पांढरं ते पांढरंच. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तोच संगणक, तीच साइट, दोन सेकंदांत हजर. तुमच्या वायफायवर टॅबलेटचीही हीच रड. तरीही तिन्ही वेळा तक्रार बंद करताना शेरा एकच : 'ग्राहकाच्या संगणकातील दोष'.

ब्राउझर बदलले, कॅशे साफ केली, अँटिव्हायरस बंद करून पाहिला, घड्याळाची तारीख-वेळ तपासली, डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारा सर्व्हर) ८.८.८.८ केला. नावावरून पत्ता बरोबर मिळतो, म्हणजे तिथे घोळ नाही. मग पॅकेटचे, म्हणजे माहितीच्या गठ्ठ्याचे, तुकडे करू नयेत अशी सूचना देऊन पिंग केलं, म्हणजे चाचणीची पॅकेट पाठवून उत्तर येतं का ते पाहिलं. १४६४ बाइट जातात. १४६५ केले की उत्तरच येत नाही. पॅकेटवरच्या पत्त्या-बित्त्याचे (हेडरचे) २८ धरा, १४९२ होतात. पीपीपीओईचे (तुमच्या लॉगिनवाल्या जोडणी-पद्धतीचे) ८ बाइट वजा जाता नेहमीच्या कमाल १५०० चे १४९२ च उरतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. 'पॅकेट मोठं आहे' एवढं तरी तुमच्या राउटरने कळवायला हवं. तो गिळून गप्प बसतो. संगणकाचा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) मी हाताने १४९२ केला आणि सगळी पानं उघडली. टॅबलेटवर ती सोय नाही. अपडेटमध्ये तुमच्याकडून एमएसएस क्लॅम्पिंग (पॅकेट मर्यादेत राहावीत म्हणून राउटर जोडणीच्या सुरुवातीलाच आकार कमी करून सांगतो ती सोय) उडालेलं आहे असा माझा कयास आहे. चुकीचा असेल तर तसं लेखी कळवा.

हे सगळं कागदावर लिहून मी फोनला बसले होते. आता संभाषण ऐका.

"मॅडम, गूगल उघडतंय का?"
"हो."
"मग इंटरनेट चालू आहे."
"काही साइट उघडत नाहीत, तेच सांगतेय."
"मग त्या साइटवाल्यांना फोन करा ना."

मी १४६४ चा आकडा सांगितला. पलीकडे शांतता. मग अगदी समजुतीच्या, गोड आवाजात :

"मॅडम, घरात सर आहेत का? त्यांना फोन देता? थोडं टेक्निकल आहे."

सर घरात होते. स्टुलावर उभं राहून पंखा पुसत होते. फोन स्पीकरवर असल्याने त्यांनीही ऐकलं, आणि फडकं हातात तसंच धरून जोरजोरात मान हलवली. राउटर कुठल्या कपाटावर आहे, एवढंच त्यांना ठाऊक आहे. तेही मी दाखवलं म्हणून. मी म्हटलं, जे टेक्निकल आहे ते मलाच सांगा. त्यावर सल्ला मिळाला : राउटर बंद करून चालू करा. (अकरा वेळा केलाय, मोजलंय.) तरीही नाही झालं तर संगणक फॉरमॅट करा.

म्हणजे चूक तुमच्या राउटरची आणि पुसायचा माझा संगणक. वा! माझी वर्षानुवर्षांची कामं त्यात आहेत, पण तुमच्या सोयीसाठी उडवते की सगळी.

त्या मुलावर माझा राग नाही. त्याच्यापुढे जो कागद ठेवलाय, तो तुम्ही लिहिलाय. 'सरांना द्या' हे त्या कागदावर आहे की त्याच्या मनचं, तेवढं मात्र शोधून काढा.

इतकी वर्षं तुमचं कनेक्शन वापरलं, एकही हप्ता चुकवला नाही, शेजारच्या दोन घरांत माझ्याच सांगण्यावरून तुमची वायर गेली. पुन्हा सांगते, दोष संगणकात नाही. आठ दिवसांत राउटरची सेटिंग दुरुस्त करा किंवा राउटर बदलून द्या, आणि 'ग्राहकाच्या संगणकातील दोष' हा शेरा काढून टाका. नाहीतर तिन्ही घरांची कनेक्शनं एकाच दिवशी बंद होतील आणि पिंगच्या निकालांसह मी ग्राहक न्यायालयात जाईन. तंत्रज्ञ पाठवणार असाल तर ज्याला एमटीयू हा शब्द माहीत आहे, असाच पाठवा. दार मी उघडेन, सर नाही.

आपली,
(अजून तरी) ग्राहक

ता. क. : हे लिहीत असतानाच तुमचा मेसेज आला : 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. अभिप्राय देण्यासाठी लिंकवर क्लिक करा.' केलं. फोन तुमच्याच वायफायवर होता. वर्तुळ अजून फिरतंय.