ताई, लॉग चालू करायला लावलात त्याबद्दल

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

‘कोड मागनं वाचा, ॲप डेटाबेसला काय विचारतंय ते आधी बघा की!’ खानापूर-निपाणीकडच्या गावडेअरींसाठी ॲप करणाऱ्या आम्हा सगळ्यांना तुमचं हे बोलणं उपयोगी पडलं: लॉग (ॲप चालताना होणारी नोंद) चालू करायचा आणि प्रत्येक क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) बघायची. त्याचे हे जाहीर आभार. पद्धतही सोबत लिहितो, म्हणजे इतरांनाही वापरता येईल.

अँड्रॉइडवर रूम (डेटाबेस हाताळणारी लायब्ररी) असेल तर डेटाबेस तयार करणाऱ्या बिल्डरवर, बिल्ड करायच्या आधी, सेट-क्वेरी-कॉलबॅक (प्रत्येक क्वेरी आपल्याला कळवणारा) लावायचा. रूम 2.3 पासून तो मिळतो. प्रश्नचिन्हांची क्वेरी आणि त्या जागी बसणाऱ्या किमती (व्हॅल्यू) त्यात वेगवेगळ्या येतात; दोन्ही लॉगकॅटमध्ये (अँड्रॉइडच्या लॉगमध्ये) छापायच्या. कॉलबॅक चालवणारा एक्झिक्युटर एकाच थ्रेडचा (एका वेळी एकच काम करणारा) द्यायचा, नाहीतर ओळींचा क्रम विस्कटतो आणि कुठल्या टॅपनं कुठली क्वेरी गेली ते कळत नाही. आयफोनवर कोअर डेटा (ॲपलची तशीच सोय) असेल तर एक्सकोड या ॲप बनवायच्या साधनाच्या स्कीममध्ये, रनच्या आर्ग्युमेंट्समध्ये, डॅश देऊन ‘कॉम.ॲपल.कोअरडेटा.एसक्यूएलडीबग 1’. किमतीही हव्या असतील तर 1 ऐवजी 3.

दहा दिवसांच्या बिलाचा पडदा रेंगाळण्याचं कारण लॉगच्या पहिल्या पानातच दिसतं: 120 सभासदांची यादी आणायला एक क्वेरी, मग प्रत्येकाचं दूध, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) आणायला एकेक. एकूण 121. जॉइन लावला, म्हणजे दोन्ही तक्ते एकाच क्वेरीत जोडले, की एकच उरते. ती एकही रेंगाळली तर एक्सप्लेन क्वेरी प्लॅन चालवायचा; डेटाबेस ओळी कशा शोधतो ते त्यात दिसतं. तिथं ‘सर्च’ऐवजी ‘स्कॅन’ (सगळा तक्ता वाचणं) आलं तर सभासद क्रमांक आणि तारीख यांवर मिळून इंडेक्स (शोधसूची) नाही, असं धरून चालायचं. (लॉग चालू असताना वेळ मोजू नये, छपाईच वेळ खाते.)

पण खरे आभार ‘कुऱ्हाडे’ आडनावासाठी. यादीत नाव दिसतं, शोधलं तर सापडत नाही. लॉगमध्ये क्वेरी बरोबर, किंमत बरोबर, मिळालेल्या ओळी मात्र शून्य. तुम्ही साठवलेलं नाव आणि शोधलेलं नाव, दोन्हींवर हेक्स फंक्शन (अक्षरांमागचे बाइट दाखवणारं) चालवायला सांगितलंत आणि उलगडा झाला. ‘ऱ’ हे एकच चिन्ह असेल तर यूटीएफ-8 (अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये 3 बाइट, ‘र’खाली वेगळा नुक्ता (टिंब) टाकला असेल तर 6. डोळ्याला दोन्ही सारखेच, एसक्यूलाइट या फोनमधल्या डेटाबेसला निराळे. साठवताना आणि शोधताना दोन्हीकडे एनएफसी (युनिकोडचं एकसारखं रूप) केलं की हे जुळतं. काही कीबोर्ड मात्र ‘र’, हलन्त आणि न दिसणारा झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं चिन्ह) टाकून तोच आकार काढतात. एनएफसी त्याला हात लावत नाही, ती अदलाबदल आपणच लिहायची. आणि जुन्या नोंदींवरही एकदा फिरवायची, नाहीतर नवे सभासद सापडतात, जुने नाहीत.

शेवटी तुम्ही दटावलंत तेही बरं झालं. त्या किमतींमध्ये सभासदांचे बँक खाते क्रमांक असतात. कॉलबॅक आता फक्त डीबग बिल्डमध्ये (चाचणीच्या आवृत्तीत) लागतो, आणि लॉगची फाइल व्हॉट्सॲपवर पाठवायची झाली तर आधी खाते क्रमांक पुसले जातात.

आपले,
डेअरी ॲपवाले, खानापूर