भांड्याची दांडी फिरवून ठेवणाऱ्या आजींना

प्रिय आजी,

तुम्हाला मराठी येत नाही आणि माझ्या इटालियनची धाव अजून भाजीबाजार आणि बसच्या तिकिटापलीकडे नीट जात नाही. तुमच्यासमोर उभी राहिले की तोंडातून 'ग्रात्सिए', म्हणजे 'धन्यवाद', एवढंच निघतं, आणि त्यावर तुम्ही हात झटकून "दी के?" म्हणजे "कशाबद्दल?" असं विचारून मोकळ्या होता. कशाबद्दल ते आज सांगते. माझ्या भाषेत सांगते, कारण दुसऱ्या भाषेत ते माझ्याच्याने पुरतं सांगून होणार नाही. रविवारी तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवीन आणि जमेल तसा अर्थ लावीन. आणि माझ्या माणसांनीही हे वाचावं म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

आपली ओळख झाली ती गेल्या नोव्हेंबरात, रात्री दहाच्या सुमाराला, खालच्या अंगणात, ओल्या कचऱ्याच्या डब्यापाशी. आपलं इटलीतल्या तोरिनोमधलं हे घर मला पहिल्या दिवसापासून ओळखीचं वाटलं होतं. मधोमध अंगण, चारी बाजूंनी लोखंडी कठड्याच्या गॅलऱ्या, प्रत्येकाचं दार त्या गॅलरीत उघडणारं. तुम्ही याला 'कासा दी रिंगिएरा' म्हणता, आम्ही चाळ म्हणतो. पण चाळीत असतात तशी माणसं इथेही असतील, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. त्या रात्री मी सहा अंड्यांची गोड भुर्जी टाकायला खाली उतरले होते. तुम्ही तुमची पिशवी टाकायला झाकण उचललंत, आत पाहिलंत, मग माझ्याकडे पाहिलंत आणि एकच शब्द बोललात, "झाबायोने?" म्हणजे बलक, साखर आणि वाइन वाफेवर फेटून करतात तो तुमचा गोड फेस.

मी रडायला लागले. तुम्हाला वाटलं असेल अंडी वाया गेली म्हणून रडतेय.

खरं कारण आज सांगते. आठवडाभर आधी माझं काम सुटलं होतं. इथल्याच एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात मी तीन महिने गोड पदार्थांच्या टेबलावर होते. मी डावखुरी आहे. अरुंद जागेत चार माणसं एका रांगेत उभी राहिली की माझं कोपर शेजारच्याला लागायचं. तिथल्या मुख्य आचाऱ्याने एक दिवस सगळ्यांसमोर सांगितलं की या बाईचा हात उलटा आहे, आपल्याला परवडत नाही. त्याआधी आपल्याकडे, महाराष्ट्रात, ज्या संस्थेत मी फी भरून शिकले तिथेही हेच. सर म्हणायचे, उजव्या हाताने फेट, नाहीतर बाहेर उभी राहा. मी उजव्या हाताने फेटलं, हात दमला, वेग कमी झाला, बलक तळाला धरला. सरांनी वीस मुलांसमोर माझं भांडं उचललं आणि कचऱ्यात पालथं केलं. काय चुकलं ते नाही सांगितलं. दहा वर्षं झाली, तो आवाज अजून कानात आहे.

आणि त्याच्याही आधी घर होतंच. डाव्या हाताने वाढू नको, डाव्या हाताने नैवेद्य दाखवू नको, डाव्या हाताने पैसे देऊ नको. घरच्यांवर माझा राग नाही, त्यांना तसंच शिकवलं होतं. पण ज्यांनी शिकवायचे पैसे घेतले त्यांच्यावर आहे. शिकवणाऱ्याने समोरच्याचा हात कुठला चालतो एवढं तरी बघावं.

तुम्ही मला त्या रात्री वर बोलावलंत. ८२ वर्षांचं वय, थंडीचे दिवस, झोपायची वेळ. भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेलं तांब्याचं भांडं काढलंत. लांब दांडीचं, अर्धगोल बुडाचं, आतून कल्हई नसलेलं. 'पोलसोनेत्तो' हा शब्द मी पुस्तकात वाचला होता, भांडं पहिल्यांदा हातात घेतलं. बुडाला कोपराच नाही, त्यामुळे फेटायच्या व्हिस्कच्या तारा चुकवून बलक कुठे दडून बसत नाही, आणि तांबं जेवढ्या चटकन तापतं तेवढंच चटकन निवतं. संस्थेत वर्षभरात मला हे कोणी सांगितलं नव्हतं. तुम्ही ते तोंडाने नाही सांगितलंत, माझी बोटं धरून भांड्याच्या आतून फिरवलीत.

तुमचं माप मला फार आवडलं. माणशी एक बलक, ज्याला तुम्ही 'रोस्सो', म्हणजे अंड्यातलं 'लाल' म्हणता. एक चमचा साखर. आणि त्याच अंड्याच्या अर्ध्या कवचात मावेल तेवढी वाइन. वजनकाटा नाही, कप नाही. अंडं लहान असेल तर वाइनही आपोआप कमी. आमच्याकडे जुन्या बायका वाटीने आणि ओंजळीने मोजतात, त्यातला हा प्रकार.

त्या रात्रीही माझं मिश्रण फाटलं. तुमची शेगडी डाव्या भिंतीला टेकलेली, माझं कोपर भिंतीवर आपटत होतं. दोन मिनिटं हात थांबला आणि भुर्जी झाली. मी भांडं घेऊन कचऱ्याकडे वळले तर तुम्ही ते माझ्या हातातून काढून घेतलंत, पावाचे दोन तुकडे कापलेत, ती फाटलेली भुर्जी त्यावर घातलीत, एक मला दिलात आणि दुसरा स्वतः खाल्लात. सगळा, उभ्याउभ्या. मग म्हणालात, उद्या ये.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा ओट्यावर काहीतरी वेगळं होतं, पण काय ते माझ्या लक्षात आलं नाही. मी व्हिस्क उचलला, तो डावीकडे ठेवलेला होता. भांड्याची दांडी धरली, ती उजवीकडे वळलेली होती. पाण्याचं पातेलं भिंतीकडच्या बर्नरवरून उजव्या बर्नरवर आलं होतं. मी फेटायला लागले. आठाच्या आकड्यासारखं, तुम्ही दाखवलं होतं तसं. कोपर कुठेही लागलं नाही. खाली पाणी नुसतं हुळहुळत होतं, भांड्याच्या बुडाला त्याचा स्पर्श नव्हता, नुसती वाफ लागत होती. मध्येच तुम्ही तळहात भांड्याखाली धरत होतात. हात टिकला की ठीक, चटका बसला की भांडं वर. पिवळा रंग फिका होत गेला, फेस आधी मोठ्या बुडबुड्यांचा, मग बारीक, मग बुडबुडे दिसेनासेच झाले. भांड्यातला ऐवज तिप्पट झाला. व्हिस्क उचलला तर पट्टी पडली आणि ती पृष्ठभागावर क्षणभर तशीच राहिली. माझ्या आयुष्यातलं पहिलं न फाटलेलं झाबायोने, आणि तेही डाव्या हाताने.

भांडं खाली ठेवताना माझी नजर मोकाकडे, तुमच्या कॉफीच्या किटलीकडे गेली. आदल्या दिवशी ती उजव्या बर्नरवर होती. त्या बर्नरच्या मागच्या फरशीवर तिच्या वाफेचा तपकिरी डाग पडलेला आहे, म्हणजे ती वर्षानुवर्षं तिथेच बसत असणार. आज ती खिडकीत सरकली होती. साखरेचा डबा, मिठाचं भांडं, फडकं, सगळ्यांनी जागा बदलली होती. तुम्ही रात्री किंवा पहाटे उठून स्वतःचा अख्खा ओटा उलटा मांडला होतात. आणि त्याबद्दल अवाक्षर बोलला नाहीत. बघ, तुझ्यासाठी केलंय, असं नाही. डावखुरी आहेस होय, असंही नाही. ८२ वर्षांच्या बाईचा हात अंधारातही मिठाच्या भांड्यावर अचूक पडत असतो, आणि ते मिठाचं भांडं तुम्ही हलवलंत.

मोका अजून खिडकीतच आहे, आजी. मी दर रविवारी बघते.

माझी आई सांगलीत असते. २०१९च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं तेव्हा समोरच्या घरातल्या काकूंनी तिला त्यांच्या वरच्या मजल्यावर नेलं. नेलं ते तर त्या दिवसांत अनेकांनी एकमेकांसाठी केलं. पण आईचा उजवा गुडघा दुखतो, ती डाव्या अंगाने उठते, हे त्या काकूंनी कधीतरी बघून ठेवलं होतं. त्यांनी खाट भिंतीपासून ओढून फिरवून लावली, विचारलं नाही की सांगितलं नाही. आई पुराबद्दल फारसं बोलत नाही, त्या खाटेबद्दल बोलते. माणूसकी म्हणतात ती मला तरी नेहमी अशीच भेटलीय. मोठ्या शब्दांतून कधी आली नाही, कोणीतरी आपली एखादी वस्तू सरकवली आणि तिथे मला जागा झाली, अशीच आली. इथल्या पोर्ता पालात्सोच्या बाजारातला तो फळवाला मी पिशवी कुठल्या हातात धरते हे पाहून सुटे पैसे दुसऱ्या हातात ठेवतो. त्याचं नाव मला माहीत नाही, पण मी त्याच्याकडूनच घेते.

फळांचं राहिलंच. हिवाळाभर तुम्ही मला पेअरवर शिकवलंत. छोटे, कडक, तपकिरी सालीचे मार्तिन सेक, लाल वाइनमध्ये लवंग-दालचिनी घालून मंद शिजवलेले, देठासकट. त्यावर मार्सालाचं झाबायोने. मार्साला ही सिसिलीची वाइन, १७७३ मध्ये जॉन वुडहाउस नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने ती इंग्लंडला पाठवली आणि ती जगभर गेली. हे मी वाचलेलं. तुम्ही मात्र एवढंच म्हणालात की मार्साला हिवाळ्याची आहे. जूनमध्ये स्ट्रॉबेरी आल्या तेव्हा तुम्ही तिची बाटली कपाटात ठेवून दिलीत आणि मोस्कातो दास्ती काढलीत, जेमतेम पाच टक्के मद्यार्काची, फुलासारख्या वासाची. मी विचारलं का, तर स्ट्रॉबेरी उचलून माझ्या नाकाशी धरलीत. मार्सालाने तो वास दबला असता. जुलैत पीच. काचेच्या उभ्या प्याल्यात तळाला फोडी, अगदी कोरड्या पुसलेल्या, कारण फळाला पाणी सुटलं की सॉस पातळ होतो. वर तो कोमट फेस, बाजूला मक्याच्या पिठाचं एक 'मेलिगा' बिस्किट. एवढंच. पुदिन्याचं पान नाही, चॉकलेटची नक्षी नाही. त्या हॉटेलात आम्ही गॅसच्या बाटलीतून फेस मारायचो आणि वर पाच गोष्टी रचायचो. तुमचा प्याला त्याहून देखणा असतो, कारण त्यातलं फळ दिसतं.

१७ मेला तुम्ही मला सान तोम्माझोच्या चर्चमध्ये नेलंत, सान पास्क्वाले बायलोनच्या सणाला. स्वयंपाक्यांचा संत. झाबायोनेचं नाव त्याच्यावरून पडलं अशी कथा तोरिनोत सांगतात. ती दंतकथा आहे हे तुम्हालाही ठाऊक आहे, तरी मेणबत्ती लावलीत. एक माझ्या हातात दिलीत. डाव्या.

एप्रिलपासून मला काम आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. लहानशी जागा, अकरा टेबलं. पहिल्या दिवशी मी मालकिणीला सांगितलं की मी डावखुरी आहे, मला ओट्याचं डावं टोक लागेल. इतक्या वर्षांत हे वाक्य मी कधी कोणाला म्हटलं नव्हतं. ती म्हणाली, बरं. आणि मी आजवर हे का मागितलं नाही ते मला कळेना. कदाचित असं मागता येतं हेच तुमच्याकडे येण्याआधी मला माहीत नव्हतं.

आई विचारत होती, हापूसबरोबर चालेल का ते तुझं फेसाचं? चालेल असं वाटतं. फोडींवर, रसावर नको, आमरसाला कशाची गरज नसते. पुढच्या मेमध्ये जाईन तेव्हा नाशिकची गोड शेनिन ब्लाँ वाइन घेऊन करून बघणार आहे. तांब्याचं भांडं आमच्याकडे आहे, पण सपाट बुडाचं आणि पाण्याचं. ते नाही चालणार. तुमच्यासारखं एक मी सेकंडहँड बाजारात शोधतेय, मिळालं की आधी तुम्हाला दाखवीन.

रविवारी मार्तिन सेक घेऊन येते, पोर्ता पालात्सोत कालपासून दिसायला लागलेत. तुमची मार्सालाची बाटली तळाला गेलीय, तीही आणते, तुम्ही जिना उतरू नका. अंडी मात्र तुमच्याकडचीच, माझ्या दुकानातली फिकी निघतात.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची डावखुरी