फॉरमॅट मारण्याआधी ‘फॉन्ट कुठे आहेत?’ विचारणाऱ्या मुलास

चि. ........ यास,
अनेक आशीर्वाद.

“माझं नाव कुठे टाकू नका हं काकू,” असं बजावून गेलास, म्हणून वरची जागा रिकामी सोडलीय. आभार मात्र चारचौघांत मानणार. घरी बोलावून मानले असते तर “काय हो काकू” म्हणत अर्धा चहा टाकून पळाला असतास.

वाचणाऱ्यांना थोडं सांगते. मी घरूनच डीटीपीची, म्हणजे छपाईसाठी पानं जुळवायची, कामं करते. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, मंडळांच्या स्मरणिका, मधूनच एखाद्या हौशी कवीचा संग्रह. सगळं २०१२ साली घेतलेल्या एका लॅपटॉपवर. आला तेव्हा त्यात विंडोज ७ होतं. पुढे एका दुकानदाराने विंडोज १० चढवून दिलं आणि कोपऱ्यात ‘अ‍ॅक्टिव्हेट करा’ ही पाटी कायमची येऊन बसली. मशीन सुरू होईपर्यंत माझी कणीक मळून व्हायची. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट थांबवला, तेव्हा जो तो एकच सल्ला देऊ लागला: हा भंगारात घाला आणि नवा घ्या.

तू आलास आणि आधी विचारलंस, “काकू, यावर तुम्ही दिवसभर करता काय?” इतक्या लोकांनी सल्ले दिले, पण हा प्रश्न कुणाच्या तोंडून आला नव्हता.

विंडोज ११ का नाही, हे तू मला कळेल असं सांगितलंस. त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मशीनमध्ये लागते, प्रोसेसरही इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. माझा आय-थ्री दुसऱ्या पिढीतला. रूफस नावाच्या सॉफ्टवेअरने विंडोजचा पेनड्राइव्ह बनवताना ही अट काढून टाकता येते, हेही तू लपवलं नाहीस. “बसेल हो, पण पुढचे अपडेट मिळतील याची हमी कंपनी देत नाही. तुमचं बँकेचं काम याच्यावर आहे ना? मग नको.” मी म्हटलं, मग मूळचं ७च टाक, लॅपटॉपच्या खाली त्याच्या परवान्याचा क्रमांक असलेलं स्टिकर अजून शाबूत आहे. त्यावर तू म्हणालास की ७चे अपडेट १४ जानेवारी २०२०लाच बंद झाले आणि क्रोमनेही १०९ नंतरच्या आवृत्त्या त्यावर देणं थांबवलं. दोन्ही दारं बंद केल्यावर मग तू लिनक्स मिंटचं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकट प्रणालीचं, नाव काढलंस. त्यातही एक्सएफसीई, म्हणजे हलका अवतार. मिंटची २२ ही मालिका २०२९पर्यंत सांभाळली जाणार आहे, तोवर मशीनने साथ दिली तर पुष्कळ झालं.

आणि मशीन तितकं वाईट नव्हतंच. “काकू, लॅपटॉप म्हातारा झालेला नाही, त्याची डिस्क म्हातारी झालीय,” हे तुझं वाक्य मी आता गिऱ्हाइकांना ऐकवते. प्रोसेसर ६४ बिटचा, त्यावर इतकी वर्षं ३२ बिटचं विंडोज आणि दोन जीबी रॅम. रॅमचा दुसरा स्लॉट रिकामाच पडून होता, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

खरे आभार फॉन्टसाठी. मी तर म्हणत होते, फायली पेनड्राइव्हवर घेतल्यात, मार फॉरमॅट, पूस डिस्क. तू स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवलास. “फायली घेतल्या, पण फॉन्ट कुठे आहेत? कुठल्या फॉन्टमध्ये टाइप केलंय?” माझं जुनं सगळं काम श्री-लिपीच्या फॉन्टमध्ये आणि पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये. युनिकोडच्या, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-कोडांच्या, आधीच्या या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसत असली तरी आत इंग्रजी अक्षरांचेच कोड असतात. फॉन्ट गेला की ‘चि. सौ. कां.’च्या जागी टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं आणि कंस. तू एक फाइल तशी उघडून दाखवलीस तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

मग तू ठरवलंस की फॉरमॅट मारायचाच नाही. नवीन एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, आणायची, मिंट तिच्यावर टाकायचं आणि जुनी डिस्क आहे तशी काढून ठेवायची. तिला युएसबीचं केसिंग घातलं की आतल्या फायली मिंटमधून वाचता येतात. पेजमेकरचीच फाइल दुरुस्त करायची वेळ आली, तर तीच डिस्क परत आत बसवायची आणि नेट न जोडता काम करायचं. डिस्क काढताना तू माझ्याकडच्या एका उरलेल्या पत्रिकेच्या पाठीवर लॅपटॉपचा तळ काढलास आणि जो स्क्रू जिथला तिथेच चिकटपट्टीने लावून ठेवलास. दोन लांब, बाकीचे आखूड. ती पत्रिका मी जपून ठेवलीय, कारण पुढच्या वेळी डिस्क मीच बदलणार आहे.

पेनड्राइव्ह बनवण्याआधी उतरवलेली फाइल पूर्ण आणि अस्सल आहे का, हे ताडायला तू त्या फाइलची चेकसम नावाची ६४ अक्षरांची खुणेची ओळ मला मोठ्याने वाचायला लावलीस. प्रूफं वाचायची सवय इथे कामी आली! मग एफ-१२ दाबून पेनड्राइव्हवरून मिंट नुसतं चालवून पाहिलं, डिस्कला हात न लावता. आवाज आला, कॅमेरा दिसला, वाय-फाय मात्र गायब. तू शांतपणे मोबाइल केबलने जोडलास, त्याच्या नेटवर ड्रायव्हर मॅनेजर उघडून वाय-फायच्या चिपचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारं सॉफ्टवेअर, घातलास. तो चालतो हे दिसल्यावरच ‘इन्स्टॉल’वर बोट ठेवलंस. तारीख दर वेळी मागे जायची आणि त्यापायी बँकेची साइट असुरक्षित म्हणून उघडायची नाही, त्याला औषध निघालं आतला सीआर-२०३२ सेल. घड्याळवाल्याकडे मिळाला.

कळफलक लावताना मात्र शिकवायची पाळी माझी होती. इनस्क्रिप्ट ही मराठी कळांची मांडणी मिंटमध्ये आयती मिळाली आणि माझा हात तिच्यावरच बसलेला. ‘वऱ्हाडी’ तुला काही केल्या जमेना, ‘वर्हाडी’च होत होतं. शिफ्टसह जे, मग डी, मग यू. एवढं शिकलास म्हणजे माझी थोडी तरी फेड झाली असं धरते.

आता सगळं सुतासारखं सरळ झालंय असं लिहिलं तर तूच हसशील. प्रिंटरला त्याचं प्लगइन घालावं लागलं आणि तरीही पहिलं पान कधी कधी अडतं. श्री-लिपीचे फॉन्ट मिंटमध्ये टाकल्यावर जुने लेख लिब्रेऑफिसमध्ये छान दिसतात, पण शोधायला जावं तर ‘वधू’ टाइप करून एकही सापडत नाही, कारण आत ‘वधू’ नाहीच. म्हणून स्मरणिकांचे मजकूर एकेक करून युनिकोडमध्ये आणतेय. कन्व्हर्टर बराच भार उचलतो, जोडाक्षरं मात्र नजरेखालून घालावीच लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण नवा लॅपटॉप घेतला असता तरी ते सुटलं नसतं.

तू फक्त एसएसडी आणि रॅमचे पैसे घेतलेस, तेही बिल दाखवून. मजुरीचं विचारलं तर लाडू मागितलेस. डबा आईकडे दिलाय, रिकामा परत पाठवायची घाई नाही.

आणि ताईचं लग्न ठरतंय असं कानावर आलंय. पत्रिका माझ्याकडून, एक रुपयाही घेणार नाही. फक्त मजकूर वेळेवर पाठव, युनिकोडमध्ये, आणि आत्या-मावश्यांच्या नावांचा क्रम घरात आधी ठरवून घ्या. छापायला गेल्यावर फोन आला तर मी उचलणार नाही.

तुझी,
शेजारच्या काकू