खाते तिचे, ओटीपी त्याच्या फोनवर: महिला व बालविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, महिला व बालविकास विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: कौटुंबिक नात्यात आर्थिक छळ सोसणाऱ्या महिलांना तातडीची मदत मिळण्याबाबत.

महोदया,

मी जिल्ह्याच्या ठिकाणी एका सहकारी बँकेत नोकरी केली आणि निवृत्तीनंतर एका महिला समुपदेशन केंद्रात बँकेच्या कागदपत्रांच्या कामात मदत करते. या दोन्ही ठिकाणी जे पाहिले त्यावरून आपल्याकडे एक मागणी करते आहे. नवऱ्याने किंवा सासरच्यांनी पैशाची कोंडी केलेली बाई मदत मागायला आली की त्याच आठवड्यात तिला स्वतःच्या ताब्यातले खाते, स्वतःचा मोबाइल नंबर आणि हातखर्चाला थोडी रोख रक्कम मिळेल, अशी व्यवस्था आपल्या विभागाने उभी करावी. पोटगी, घरात राहण्याचा हक्क आणि स्त्रीधन यांची लढाई पुढे चालतच राहते. पण तोवर तग धरायला पैसाच नसल्यामुळे कितीतरी जणी आल्या पावली सासरी परत जातात.

ही कोंडी बँकेच्या काउंटरवर उघड दिसायची. नवरा-बायको जोडीने येत. पैसे काढण्याची स्लिप तो भरायचा, सही ती करायची आणि खिडकीतून सरकवलेल्या नोटा तो उचलायचा. खाते तिचे, पण त्याला जोडलेला मोबाइल नंबर त्याचा, एटीएम कार्ड त्याच्या पाकिटात आणि पिनही त्यालाच ठाऊक. सही जुळत होती, त्यामुळे बँकेच्या नियमात काहीच चुकत नव्हते. केंद्रात येणाऱ्या बायकांमध्ये पगारदार शिक्षिका असतात, परिचारिका असतात आणि शेतमजूरही असतात. त्यांचे बोलणे मात्र एकाच वळणाचे असते: पगार जमा झाल्या दिवशीच काढून घेतात, दागिने सासूच्या कपाटात आहेत, भाजीच्या दहा रुपयांचाही हिशेब मागतात, माहेरी जायचे तर एसटीच्या तिकिटाला हात पसरावा लागतो. मारहाण होते का, असे विचारले की काही जणी प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतात आणि मग आपल्याला मदत मिळेल की नाही, या शंकेने गप्प होतात.

कायद्याच्या दृष्टीने ही शंका निराधार आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 याच्या कलम 3 मध्ये आर्थिक छळ हा शारीरिक, लैंगिक आणि मानसिक छळाच्या बरोबरीने हिंसाचार म्हणून नोंदवलेला आहे. या कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी महिलेच्या तक्रारीवरून जो घटना अहवाल भरतात, त्याच्या नमुन्यातही घरखर्चाला पैसे न देणे, पगार हिसकावून घेणे, नोकरी करू न देणे, स्त्रीधन विकणे किंवा गहाण टाकणे असे रकाने आहेत. कलम 18 खाली दंडाधिकारी नवऱ्याला बँक खाते आणि लॉकर परवानगीशिवाय वापरण्यास मनाई करू शकतात आणि कलम 23 खाली हा आदेश अंतरिमही असू शकतो. इतका विचारपूर्वक केलेला कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून अंमलात आहे, तरीही खात्यावर किंवा लॉकरवर मनाई मागणारे अर्ज माझ्या पाहण्यात फार थोडे आले. ज्यांनी ते तयार करायला मदत करायची, त्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे अनेक ठिकाणी हे काम इतर कामांच्या जोडीला दिलेले असते. संरक्षण अधिकारी तालुका पातळीपर्यंत नेमा, असे सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये सर्व राज्यांना बजावले आहे. आपल्या राज्यात ही पदे केवळ कागदावर भरली जाऊ नयेत, त्या अधिकाऱ्याला बँक व्यवहाराचे प्रशिक्षणही मिळावे.

मोजणीतही हा छळ निसटतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पतीकडून होणाऱ्या शारीरिक, लैंगिक आणि भावनिक हिंसेची आकडेवारी असते. आर्थिक हिंसेचा स्वतंत्र आकडा नसतो. त्याच सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत देशातील 78.6 टक्के महिलांनी आपण स्वतः वापरतो असे बँक खाते असल्याचे सांगितले. ही वाढ आनंदाची आहे, पण त्या खात्याचा पिन कोणाकडे आहे, हे तिथे कोणी विचारत नाही.

आता आपल्या विभागाच्या सर्वांत मोठ्या योजनेविषयी. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपये थेट बाईच्या खात्यात येतात आणि अनेकींच्या आयुष्यातली ही पहिली हक्काची रक्कम आहे. तिचे मोल मी जवळून पाहिले आहे. मात्र सप्टेंबर 2025 मध्ये ई-केवायसी, म्हणजे लाभार्थींची ऑनलाइन ओळख पडताळणी आली, तेव्हा तिच्या आधारबरोबर पतीच्या किंवा वडिलांच्या आधारचेही प्रमाणीकरण मागितले गेले, आणि त्यासाठीचा ओटीपी त्यांच्या फोनवर जातो. विधवा आणि घटस्फोटित महिलांसाठी पुढे कागदपत्रांचा मार्ग काढला गेला, हे चांगले झाले. पण मार खाऊन किंवा उपाशी राहून घराबाहेर पडलेली आणि घटस्फोटाचा हुकूम हाती नसलेली बाई त्या ओटीपीसाठी कोणाला फोन करणार? परित्यक्ता या योजनेत पात्र आहे. तिच्यासाठी संरक्षण अधिकाऱ्याचा घटना अहवाल किंवा न्यायालयात दाखल केलेल्या अर्जाची प्रत पुरेशी मानावी. योजनेच्या पैशाची वाट अडवण्याचे साधन सरकारनेच नवऱ्याच्या हाती देणे, हे योजनेच्या हेतूच्या थेट विरोधात आहे.

तांत्रिकदृष्ट्या सुटकेचा मार्ग अवघड नाही. आधारला जोडलेला मोबाइल नंबर बदलायला जुना फोन लागत नाही. आधार केंद्रावर तिचा अंगठा पुरतो. नवे खाते उघडून त्याला आधार जोडले की पुढचे अनुदान तिथे जमा होऊ लागते. धोका पुढे असतो. ज्या महिन्यात जुन्या खात्यात पैसे येत नाहीत, त्या महिन्यात घरी कळते, आणि बाई अजून त्याच घरात असेल तर तिच्या अंगावर बेतते. म्हणून हे बदल कधी आणि कोणत्या क्रमाने करायचे, हे समुपदेशकाने तिच्याशी बसून ठरवावे लागते. हिंसाचारग्रस्त महिलांना एकाच ठिकाणी मदत देणाऱ्या सखी वन स्टॉप सेंटरमध्ये आठवड्यातून एक दिवस बँकेचा किंवा टपाल खात्याचा कर्मचारी बसला, तर एरवी बाईला चार ठिकाणी हेलपाटे घालावे लागणारे काम एका टेबलावर होईल.

कर्जाचा विषय याहून बिकट आहे. बचत गटाचे किंवा सूक्ष्म वित्त कंपनीचे कर्ज तिच्या नावावर, पैसा त्याच्या धंद्यात किंवा दारूत, आणि हप्ता थकला की वसुलीवाला तिच्या दारात. ती माहेरी गेली तर गटातल्या बाकीच्या बायकाही तिच्यावर नाराज होतात, कारण भार त्यांच्यावर येतो. घटना अहवाल दाखल झालेल्या महिलेच्या अशा कर्जाची वसुली काही काळ थांबवावी, निदान 'माविम' (महिला आर्थिक विकास महामंडळ) आणि 'उमेद' (राज्याचे ग्रामीण जीवनोन्नती अभियान) यांच्या गटांपासून सुरुवात करावी.

न्यायालयाचा आदेश झाल्यावरही पैसा हाती येईलच असे नाही. कलम 20 खाली दंडाधिकारी नवऱ्याच्या पगारातून थेट कपातीचा आदेश मालकाला देऊ शकतात. नवरा सरकारी किंवा जिल्हा परिषदेच्या सेवेत असेल तर मालक शासनच आहे. अशी कपात 'सेवार्थ' आणि 'शालार्थ' या शासनाच्या पगार प्रणालींतून विनाविलंब व्हावी, असे परिपत्रक निघाले पाहिजे. आणि पहिल्या काही आठवड्यांच्या भाडे, औषध व प्रवासासाठी, बलात्कार आणि अॅसिड हल्ल्यातील पीडितांना अर्थसाहाय्य देणाऱ्या मनोधैर्य योजनेप्रमाणे जिल्हा पातळीवर एक छोटा निधी ठेवावा. त्यासाठी गुन्हा नोंदवण्याची अट नसावी, कारण आर्थिक छळाच्या तक्रारीत बहुतेक वेळा गुन्हा नोंदवलेला नसतो.

यातले बँकांशी संबंधित विषय राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या पुढील बैठकीत आपल्या विभागाने मांडावेत आणि त्या चर्चेला समुपदेशन केंद्रांत काम करणाऱ्या महिलांना बोलवावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त बँक कर्मचारी