आईच्या करंगळीवरचं कुरूप

प्रिय मंजे,

पाच महिने एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहितेय तेही आईच्या पायाबद्दल. हवं तेवढं रागाव, पण वाच. आम्ही बरे आहोत, माझी पाठ आहे तशीच.

आईच्या पायाच्या करंगळीवर कुरूप झालं होतं. कॉर्न कॅप, म्हणजे कुरुपावर चिकटवायची औषधी पट्टी, आणून दिली ती मीच. चौथ्या दिवशी मोज्यावर ओला डाग दिसला. पाहते तर कुरुपाभोवतीची कातडी पांढरी फटक, सोललेली, आणि मध्ये लाल चट्टा. "दुखलं नाही का गं?" तर म्हणते, "अजिबात नाही. गुण येतोय बहुतेक." मंजे, पोटात गोळाच आला. काकांनाही पायाची जखम दुखली नव्हती.

त्या पट्टीत 40 टक्के सॅलिसिलिक ॲसिड होतं, जाड कातडी मऊ करून सोलणारं. कुरूप कुठलं आणि चांगली कातडी कुठली, हे त्याला कळत नाही. आपल्याला चुरचुरलं की आपण पट्टी ओढून काढतो. आईच्या पायाला मधुमेहाने चुरचुरणंच ठेवलेलं नाही. डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला लावले आणि नायलॉनचा एक दोरा वाकेपर्यंत तळव्याला टेकवला. 10 ग्रॅमचा दाब असतो तो. आई म्हणाली, "लावा ना आता." तोवर तीन ठिकाणी लावून झाला होता.

मग चवड्याखालचा घट्टा तासला, तर आत काळपट ठिपका निघाला. साकळलेलं रक्त. जखम होण्याच्या बेतात होती म्हणे. मी इतके दिवस घट्ट्याला कवच समजत होते. सुरुवातीला तो असतोही तसाच. घासलं, दाब पडला की कातडी आतल्याला वाचवायला जाड होते. पण फार जाड झाली की तोच घट्टा खड्यासारखा आत रुततो. कुरुपाला तर मधोमध कठीण गाभा असतो, त्याचं टोक आतल्या बाजूला.

तुझ्या डाव्या हाताची बोटं आठवली. गिटारचे घट्टे तू दातांनी कुरतडायचीस, मी हातावर चापट मारायची. आठ दिवस बोलली नव्हतीस आणि नवव्या दिवशी माझ्याचकडे तारा मागायला आलीस!

दुसरं भांडणही आठवलं. काकांच्या वेळी तू म्हणालीस, "आईचे पाय रोज बघत जा." मी फाडकन म्हटलं, "आई म्हणजे काका नव्हेत." तुझा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. चुकलं माझं, मंजे. फार चुकलं.

आता रोज रात्री दोन्ही तळवे, टाचा, बोटांच्या बेचक्यासुद्धा बघते. क्रीम तळव्यांना लावते, बेचक्यांत नाही, तिथे ओल नको. दगडाने घासणंही आपण करायचं नाही, घट्टा डॉक्टरच तासणार. आणि बूट! कागदावर आईचं पाऊल आखलं आणि त्यावर तिचा बूट ठेवला, तर करंगळी अख्खी बाहेर. इतकी वर्षं ती त्यात कोंबत होती आणि आम्ही कुरुपाला नावं ठेवत होतो. नवे घ्यायला संध्याकाळी गेलो, दिवसभरात पाय थोडे सुजतात म्हणून.

तुझ्या तळव्याच्या दुखण्याचं काय? काळे ठिपके आहेत का? सरळ दाबल्यावर दुखतं की दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर? चिमटीत जास्त दुखत असेल तर चामखीळ असू शकते, दाखवून घे. कुरूपच असेल तर तुला मधुमेह नाही, तेव्हा कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय ठेव आणि प्यूमिस दगड हलक्या हाताने फिरव. ब्लेडला हात लावू नकोस, तुझी घाई मला माहीत आहे. नवी नोकरी कशी आहे? पोरीची परीक्षा झाली का? सगळं लिही.

आणि एक कर. आईला फोन कर. जखम भरत आलीये, पण नवे बूट "ढगळ" म्हणून ती घालत नाही. जुने मी लपवलेत, ते शोधतेय. माझं ऐकत नाही. तू काकांचं सांगितलंस तर ऐकेल.

तुझी,
शमा